‘दूध पुरत नाही’ म्हणजे नेमकं काय?

बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की दोन-चार दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं. घाटकोपरच्या चाळीत येतं, तसंच बोरिवलीच्या टॉवरमध्येही येतं. ‘दूध पुरत नाही.’ कधी ते सासूबाई म्हणतात, कधी मालिशवाली मावशी, तर कधी रात्री तीन वाजता आई स्वतःच. पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. बाबा केमिस्टकडून पावडरचा डबा आणतो. बाळ बाटलीतून पाच मिनिटांत साठ मिली पितं आणि गाढ झोपतं. दूध खरंच पुरत नव्हतं, अशी घरादाराची खात्री पटते.

खरं तर यातून काहीच सिद्ध होत नाही. बाटलीतलं दूध आपोआप तोंडात उतरतं आणि नवजात बाळाला ते गिळावंच लागतं. पोट भरलेलं बाळही बाटली संपवू शकतं. ‘दूध पुरत नाही’ या एका तक्रारीखाली निरनिराळ्या पाच-सहा गोष्टी दडलेल्या असतात: पहिल्या दिवसांचा चीक थोडा वाटणं, बाळाने स्तन नीट तोंडात न धरणं, संध्याकाळची किरकिर, कावीळ, आईच्या छातीत झालेल्या गाठी, कामावर परतण्याची धास्ती. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि डबा हा त्यांतल्या फार थोड्यांवरचा उपाय आहे. म्हणून आधी या गोष्टी एकमेकींपासून सोडवून घ्यायला हव्यात.

पहिले तीन दिवस

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येणारा चीक घट्ट, पिवळसर आणि थोडा असतो. पहिल्या चोवीस तासांत बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिली चीक घेतं, म्हणजे चमचा-दोन चमचे. बाळाला तेवढाच लागतो. रोगांशी लढणारी प्रतिपिंडं त्यात ठासून भरलेली असतात. खरवसासाठी गवळ्याला आधीपासून सांगून ठेवणाऱ्या घरांतही आईचा चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकला जायचा आणि बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवलं जायचं. ही पद्धत आता कमी झाली असली तरी संपलेली नाही. एक वर्षाच्या आत मध देणं धोक्याचंच आहे. त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध उतरतं. सिझेरियन झालं असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा आईला मधुमेह असेल तर एखाद-दोन दिवस उशीर होतो. त्यानंतर किती दूध तयार होईल हे मुख्यतः मागणीवर ठरतं. बाळ चोखतं तसं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि दूध तयार होतं. ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागतं, म्हणजे पान्हा फुटतो. वडापावच्या गाडीवर गिऱ्हाईक वाढलं की पुढचा घाणा मोठा पडतो, तसाच हा हिशेब आहे. प्रत्येक वेळी बाटली दिली की तेवढं गिऱ्हाईक कमी होतं आणि दूध खरोखरच आटायला लागतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून ‘आईला झोपू दे’ म्हणत रात्रीचं पाजणं सुरुवातीलाच बंद केलं तर त्याचा फटका बसतो. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नवजात बाळाच्या बाबतीत नेहमीचंच आहे.

अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी, बाळंतशोपा यांना आपल्याकडे मोठा मान आहे. आईला पोषण मिळतं आणि घरातलं कुणीतरी तिच्यासाठी खपतं, हे त्यांचे निश्चित फायदे. पण बाळ छातीला लागलंच नाही तर डबाभर लाडूंनीही दूध वाढत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९–२१) आकडे इथे बोलके आहेत. देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली, पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं होती ४१.८ टक्के. आई दवाखान्यात असते, बाळ दवाखान्यात असतं, डॉक्टर-परिचारिकाही तिथेच असतात; दोघांची गाठ मात्र वेळेवर पडत नाही. कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझेरियननंतरही, आई-बाळ ठीक असतील तर बाळाला पहिल्या तासात छातीवर देता येतं.

पकड जमली की बरंच जमलं

बोंडाला चिरा पडणं, पाजताना डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखणं, बाळ तासभर चोखूनही भुकेलं राहणं आणि त्याचं वजन न वाढणं, या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. बाळाने फक्त बोंड तोंडात घेतलेलं असतं. दूध निघायला त्याने भोवतालच्या काळसर भागाचाही बराचसा हिस्सा तोंडात घ्यायला हवा.

या विषयावर मुंबईच्या उपनगरातच मोठं काम झालं आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाचे धडे भारतीय भाषांमध्ये तयार होत होते. त्याच पद्धतीने बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली आरोग्याचे धडे तयार झाले. बाळाला कसं धरायचं, पकड कशी तपासायची, हाताने दूध कसं काढायचं हे त्यांत एकेक पायरी करून दाखवलं आहे आणि ते मराठीतही मोफत पाहता येतात. अभियांत्रिकीच्या संस्थेने पाजण्याच्या कोनाचा विचार करावा याचं नवल वाटेल. पण बाळाचा चेहरा कुठल्या कोनातून स्तनाकडे येतो यावरच पकड खोल बसणार की वरवरची, हे ठरतं.

थोडक्यात पद्धत अशी. आई पाठ टेकून सैल बसते. ज्या बाजूला पाजायचं त्याच्या विरुद्ध हाताने बाळाला धरते. तळहात त्याच्या खांद्यांमागे असतो, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे, मानेला आधार देत. डोकं मागून दाबायचं नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं असतं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत येतात. बोंड वरच्या ओठाला घासलं की बाळ मोठा ‘आ’ करतं. त्याच क्षणी त्याची हनुवटी आधी टेकेल असं त्याला जवळ घ्यायचं. पकड नीट बसली तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, हनुवटी स्तनात रुतलेली असते, नाक मोकळं असतं आणि काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखत राहिलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सारून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत असेल तर कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखालून धरून पाजता येतं. काही बाळांची जीभ खाली चिकटलेली असते. सगळं करूनही पकड बसत नसेल तर डॉक्टरांकडून ते तपासून घ्यावं.

रडणं नव्हे, लंगोट मोजा

पोटात किती गेलं हे दिसत नाही. बाहेर किती आलं ते दिसतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा लंगोट किंवा डायपर ओला होत असेल आणि लघवी फिकट असेल, तर बाळाला पुरेसं मिळतं आहे. पहिल्या दिवसांचा काळपट-हिरवा मळ पाचव्या दिवसापर्यंत पिवळा व्हायला हवा. जन्मानंतर थोडं वजन उतरतंच. सात टक्क्यांहून जास्त उतरलं तर पाजणं तपासून घ्यावं आणि दहाकडे गेलं तर थांबू नये. दहा-चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत येतं आणि पुढचे तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. हिशेब जुळत असेल तर दूध पुरतं आहे, मग बाळ संध्याकाळी कितीही रडो.

रडण्याची कारणं भुकेपलीकडचीही असतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळांचं रडणं सर्वांत जास्त असतं, विशेषतः संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप ओसरतं. मधूनच एखादे दोन-तीन दिवस बाळ तासातासाला प्यायला मागतं. दूध वाढवून घेण्याची ती त्याची रीत आहे. नेमका याच दिवसांत डबा घरात शिरतो.

शी या विषयावर तर प्रत्येक घरात बैठक भरते. अंगावर पिणारं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर पातळ, पिवळी शी करू शकतं आणि दीड महिन्यानंतर चार-सहा दिवस अजिबात न करताही मजेत राहू शकतं. शी मऊ असेल, पोट मऊ असेल आणि वजन वाढत असेल तर बाळगुटी, ग्राइप वॉटर, हिंगाचं पाणी यांतलं काहीच लागत नाही. मे महिन्याच्या उकाड्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. मात्र आईच्या दुधात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असतं, म्हणून बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात. मालिश जरूर करावी. पण नाकात-कानात तेल घालणं आणि बाळाची सुजलेली छाती पिळणं मावशींना ठामपणे थांबवायला सांगावं. नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं आणि छाती पिळल्याने तिथे पू होऊ शकतो.

कावीळ, गाठी आणि पावसाळ्यातला ताप

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन चौथ्या-पाचव्या दिवशी वाढणारी सौम्य कावीळ बऱ्याच बाळांना होते. कातडी पिवळी करणारं पित्तरंजक (बिलिरुबिन) शीवाटे बाहेर पडतं. दूध कमी गेलं की शी कमी होते आणि कावीळ वाढते. म्हणजे अशा वेळी पाजणं वाढवायला हवं. साखरेच्या पाण्याने काविळीला काही फरक पडत नाही. खिडकीतलं कोवळं ऊन हा उपचार नव्हे. गरज असेल तर दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवतात आणि तेव्हाही मधूनमधून पाजता येतं. पहिल्या चोवीस तासांतच आलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, किंवा बाळ पेंगत राहून पीत नसणं ही लगेच डॉक्टर गाठण्याची कारणं आहेत. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला तर तपासणी हवी. त्यातही शी पांढुरकी आणि लघवी गडद असेल तर एक दिवसही थांबू नये. पित्तनलिकेचा विकार असेल तर त्याची शस्त्रक्रिया वेळेत व्हावी लागते.

आईच्या बाजूने पाहिलं, तर दूध उतरताना छाती दगडासारखी होते. बाळाला वारंवार लावणं, काळसर भाग फार ताठ असेल तर हाताने थोडं दूध काढून तो मऊ करणं आणि पाजून झाल्यावर थंड पट्ट्या ठेवणं, एवढ्याने बहुधा भागतं. गाठ जोरात रगडून ‘फोडण्याचा’ जुना सल्ला आता डॉक्टर देत नाहीत, कारण त्याने सूज वाढते. एका बाजूला लाली, ठणका आणि थंडी वाजून ताप आला तर तो स्तनदाह. औषध घ्यावं, पण पाजणं थांबवू नये. ते दूध बाळाला बाधत नाही आणि पाजणं एकदम तोडल्याने पू धरण्याचा धोका वाढतो.

मुंबईचा पावसाळा म्हणजे मलेरिया आणि डेंगू. आईला ताप आला की ‘तापाचं दूध नको’ असं म्हणत बाळाला पहिल्यांदा तोडलं जातं. साधा सर्दी-ताप, जुलाब, डेंगू, मलेरिया यांत आईची प्रकृती पेलत असेल तर पाजता येतं. पॅरासिटामॉल आणि नेहमीची बरीच प्रतिजैविकं चालतात. डॉक्टरांना ‘मी पाजते’ हे आधी सांगावं, म्हणजे ते त्याप्रमाणे औषध निवडतात. बाळालाच जुलाब झाले तर आईचं दूध चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस द्यावं. पावसाळ्यात बाळांना होणाऱ्या जुलाबांत नीट न उकळलेल्या बाटल्यांचा मोठा हात असतो.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचं प्यायचं अचानक कमी होणं, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, काखेतलं तापमान ३७.५ सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरणं, अंग थंड पडणं, झटके येणं, हलवूनही नीट जागं न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर किंवा जवळचं कुठलंही बालरोग विभाग असलेलं रुग्णालय त्याच क्षणी गाठावं.

शीवची दूध बँक

काही बाळांच्या बाबतीत मात्र दूध खरोखरच पुरत नाही. आठव्या महिन्यात जन्मलेलं दीड किलोचं बाळ चोखू शकत नाही आणि आई स्वतः अतिदक्षता विभागात असते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात विभाग उभा करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यापुढे १९८०च्या दशकात हाच प्रश्न होता. वरच्या दुधावर ठेवलेली अपुऱ्या दिवसांची बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. इतर मातांचं जास्तीचं दूध जमवून ते या बाळांना देण्याची सोय त्यांनी केली. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झालेली ‘स्नेहा’ ही आशियातली पहिली मातृदुग्ध बँक. जगातली पहिली १९०९ साली व्हिएन्नात निघाली होती. दहा वर्षांनी, १९९९ साली, डॉ. फर्नांडिस यांनी त्याच नावाची संस्था काढली आणि काम रुग्णालयाबाहेर वस्त्यांमध्ये नेलं.

दान करणाऱ्या मातेची एचआयव्ही, कावीळ ‘ब’ आणि गुप्तरोगासाठी तपासणी होते. दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटं तापवून जंतुरहित करतात, नमुना तपासतात आणि उणे वीस अंशांवर गोठवून ठेवतात. तरीही पहिला मान त्या बाळाच्या स्वतःच्या आईच्या दुधाचा. तिने पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात केली तर बाळ चोखायला शिकेपर्यंत दूध टिकतं. तोवर ते नळीने किंवा बोंडल्याने पाजता येतं.

वेळेवर जन्मलेल्या बाळाच्या आईलाही क्वचित खरोखर दूध कमी पडतं. थायरॉइडचा विकार, वारेचा तुकडा आत राहणं, स्तनांवर आधी झालेली शस्त्रक्रिया अशी त्याची कारणं असतात. त्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध देणं योग्यच आहे आणि त्या आईला अपराधी वाटायला लावणारे नातेवाईक बाळाचं भलं करत नसतात. वाटी-चमच्याने वरचं आणि छातीवर आपलं, असं दोन्ही बरोबर चालू शकतं.

डबा आणि कायदा

पावडरच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र का नसतं? १९९२ सालच्या कायद्याने त्याला बंदी आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं कृत्रिम दूध, बाटल्या आणि बाळांचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करणं, आयांना फुकट नमुने देणं, डॉक्टरांना भेटवस्तू देणं हे सगळं गुन्हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९८१ची आचारसंहिता त्यामागे आहे. या चळवळीची मुळंही महाराष्ट्रात सापडतात. भारतीय स्तनपान प्रोत्साहन जाळं म्हणजे ‘बीपीएनआय’ डिसेंबर १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालं आणि मुंबईतले बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांची ‘अकॅश’ ही ग्राहक संस्था या कायद्याखाली तक्रार दाखल करण्याचा अधिकार मिळालेल्या मोजक्या संस्थांपैकी एक आहे. दवाखान्यातून निघताना कुणी डब्याचा नमुना हातात ठेवलाच, तर तो कायद्याबाहेरचा आहे हे माहीत असलेलं बरं.

कामावर परतताना

मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या मिळतात. अंधेरीच्या सीप्झमधल्या किंवा बँकेतल्या नोकरदार आईला हे मागता येतं. मुलुंडच्या सोसायटीत तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र ही रजा नाही. बाळ दीड-दोन महिन्यांचं होतं आणि ती कामाला लागते. ज्या घरी ती काम करते त्या घराने तिला वीस मिनिटं आणि एक बंद दार दिलं, तर कायद्याने सोडलेली जागा थोडी तरी भरून निघेल.

बोरिवलीहून चर्चगेटला जाऊन-येऊन आणि ऑफिस धरून अकरा तास घराबाहेर असणाऱ्या आईने रजा संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच दूध काढण्याची सवय करावी. हाताने किंवा पंपाने काढलेलं दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात खोलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात त्याहूनही कमी; फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चोवीस तास ठेवता येतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवण्यापेक्षा भांडं कोमट पाण्यात धरावं. लोकलमधून आणायचं तर बर्फाच्या पिशवीसह छोटी थंड पिशवी पुरते.

जागेचा प्रश्न उरतोच. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीच्या नावाने एसटीच्या स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत ‘हिरकणी कक्ष’ झाले. आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळासह अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही असा कक्ष लागतो हे साऱ्या राज्याने पाहिलं; मुंबईत त्याच्या दुरवस्थेबद्दल त्यांना तक्रारही करावी लागली. पाटी लावणं सोपं असतं. खुर्ची, पंखा, पाणी, कडी आणि रोजची झाडलोट यांवर तो कक्ष चालतो.

आधी विचारायचे चार प्रश्न

या सगळ्या अडचणींत एक गोष्ट समान दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत कुणीतरी जाणतं माणूस आईशेजारी अर्धा तास बसलं, तर बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. पूर्वी ते माणूस माहेरी असायचं. आता माहेर कोकणात, सासर मुलुंडच्या दोन खोल्यांत आणि सल्ले फोनवर. म्हणून ते माणूस आधीच शोधून ठेवावं: दवाखान्यातली प्रशिक्षित परिचारिका, वस्तीतल्या अंगणवाडी ताई किंवा आशा सेविका, किंवा स्तनपान सल्लागार. बाबाने डबा आणण्याऐवजी रात्री बाळाला उचलून आईजवळ द्यावं, ढेकर काढावा, लंगोट बदलावेत आणि मोजून लिहून ठेवावेत.

आणि नाव नोंदवतानाच, मग ते महापालिकेचं प्रसूतिगृह असो वा खासगी नर्सिंग होम, चार प्रश्न विचारावेत. जन्मल्यावर बाळ पहिल्या तासात आईच्या छातीवर देता का? दिवसरात्र दोघांना एकत्र ठेवता का? घरी सोडण्याआधी पकड कोण तपासतं? पाचव्या दिवशी वजन करायला आणि कावीळ बघायला कुणाकडे यायचं? उत्तरं चटकन मिळाली तर अर्धी तयारी झाली. नाही मिळाली, तर निदान पाचव्या दिवसाचा डॉक्टर आणि वजनकाटा आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावा.